वाचक विचारतात : स्वस्तातली भुतं, काटकसरीचे परग्रहवासी

कमी पैशांत केलेल्या भयपटांविषयी आणि विज्ञानपटांविषयी आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत. एकाच धाटणीचे प्रश्न एकत्र केले आहेत.

असा चित्रपट लावला की घरातले सगळे हसत सुटतात. रबरी हात, दोरीला टांगलेली तबकडी. यात रसास्वाद घ्यायचा म्हणजे नेमकं काय करायचं? की हसणं हाच रसास्वाद? (सांगली)

हसायला कोणाची ना नाही. पण हसून झालं की स्वतःला एक विचारा: पैसे नव्हते म्हणून दिग्दर्शकाने काय दाखवायचं टाळलं, आणि त्या जागी काय ठेवलं? उत्तर सापडलं तर चित्रपट पुन्हा पाहण्याच्या लायकीचा. काहीच टाळलं नाही, सगळं दाखवायचा हट्ट धरला आणि ते जमलं नाही, तर तो नुसताच फसलेला चित्रपट. बजेट दोघांचंही तेवढंच असू शकतं.

फसलेल्याचं ठळक उदाहरण म्हणजे १९५३चा ‘रोबॉट मॉन्स्टर’. त्यातला परग्रहवासी म्हणजे गोरिलाचा केसाळ पोशाख आणि डोक्यावर पाणबुड्याचं हेल्मेट. पोशाख नटाचा स्वतःचाच होता, म्हणून तो स्वस्तात पडला. चार दिवसांत चित्रीकरण उरकलं. लोक पोशाखाला हसतात, पण खरा घोटाळा पोशाखात नाही. लॉस एंजेलिसजवळच्या ब्रॉन्सन कॅन्यनमध्ये, भर उन्हात, डोक्यापासून पायापर्यंत तो प्राणी टेकडी चढता-उतरताना आपल्याला निवांत पाहता येतो. तोच पोशाख गुहेच्या तोंडाशी, पाठीमागून प्रकाश टाकून, चार सेकंद दाखवला असता तर हेल्मेटची नुसती बाह्यरेषा दिसली असती आणि ती वाईट दिसली नसती. म्हणजे चूक आहे प्रकाशाची, अंतराची आणि वेळेची. या तिन्ही गोष्टींना पैसे लागत नाहीत.

याच्या उलट टोकाला १९४२चा ‘कॅट पीपल’. आरकेओ स्टुडिओने निर्माता व्हॅल ल्यूटन यांना अटी घातल्या होत्या: खर्च दीड लाख डॉलरच्या आत, लांबी ७५ मिनिटांच्या आत, आणि चित्रपटाचं नाव स्टुडिओ देणार. रात्री बाईचं बिबट्यासारखं श्वापद होतं अशी गोष्ट, आणि ते रूपांतर दाखवायला पैसे नाहीत. ल्यूटन आणि दिग्दर्शक जाक तूर्नर यांनी ते दाखवायचंच नाही असं ठरवून टाकलं. रात्री उद्यानाच्या भिंतीकडेने एक तरुणी चालली आहे, मागून दुसऱ्या बाईच्या टाचांचा आवाज येतो आहे. पार्श्वसंगीत नाही. मध्येच मागचा आवाज थांबतो. पुढची चालत राहते, मग पळू लागते, आणि श्वापदाच्या फिस्कारण्यासारखा आवाज करत एक बस चौकटीत घुसते. बस, दिवा, भिंत आणि दोन नट्या, बाकी काही नाही. या युक्तीला चित्रपटवाल्यांत आजही ‘ल्यूटनची बस’ म्हणतात.

हे दृश्य तीनदा बघा. पहिल्यांदा नेहमीसारखं. दुसऱ्यांदा डोळे मिटून, फक्त ऐकत. मागची पावलं नेमकी कुठे थांबतात ते पकडा. तिसऱ्यांदा आवाज बंद करून. आवाजाशिवाय दृश्य जवळजवळ निर्जीव वाटेल. काम ध्वनीकडून करून घेतलं आहे आणि कॅमेरा त्याला फक्त जागा करून देतो, हे तिसऱ्या वेळी स्पष्ट कळतं. कुठल्याही स्वस्त भयपटातल्या आवडत्या दृश्याला हीच परीक्षा लावता येते.

विज्ञानपटांत हाच प्रश्न सेटवर येतो. १९९७चा कॅनेडियन ‘क्यूब’ एका प्रचंड भूलभुलैयात घडतो. हजारो खोल्या, सगळ्या घनाकृती. प्रत्यक्षात पूर्ण बांधलेली खोली एकच, १४ फूट लांब, रुंद आणि उंच. भिंतींतले रंगीत पडदे बदलले की ‘दुसरी’ खोली तयार. माणसाचं वजन पेलेल असं दार तर एकच होतं. पडदे बदलायला फार वेळ जाई, म्हणून एका रंगाच्या खोल्यांतली सगळी दृश्यं एकदम उरकली. नटांना पंधराव्या मिनिटाचा प्रसंग आणि सत्तराव्या मिनिटाचा प्रसंग एकापाठोपाठ करावे लागले तर थकवा आणि भीती कुठवर आली आहे याचा हिशेब चुकतो. तो कुठे चुकला आहे का, हे रंगाकडे लक्ष ठेवून दुसऱ्यांदा पाहताना शोधा.

७ हजार डॉलरमध्ये केलेला चित्रपट, १५ हजारांत केलेला चित्रपट असं वाचायला मिळतं. हे आकडे खरे मानायचे का? (नाशिक)

खरे असतात, पण पुरे नसतात.

७ हजार डॉलरचा म्हणजे शेन कॅरथ यांचा ‘प्रायमर’. दोन अभियंते गॅरेजमध्ये कालयंत्र तयार करतात, अशी ती गोष्ट. २००४च्या सनडान्स महोत्सवात त्याला ज्युरींचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. लेखन, दिग्दर्शन, संकलन, संगीत आणि मुख्य भूमिका एकाच माणसाची, त्यामुळे मानधनाचे पाच रकाने कोरेच राहिले. उरला खर्च फिल्मचा. इथे थोडं गणित करू. १६ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ३६ फूट जाते. ४०० फुटांचा रोल ११ मिनिटांत संपतो. ‘प्रायमर’ ७७ मिनिटांचा आहे, म्हणजे पडद्यावर दिसणारी फिल्मच सात रोल. एरवी अंतिम लांबीच्या दहापट फिल्म सहज चालते, म्हणजे सत्तर रोल आणि तेवढ्याच रोलांच्या धुलाईचा खर्च. कॅरथ यांनी चित्रीकरण जेमतेम दुपटीच्या आसपास ठेवलं. चौदा-पंधरा रोल. ७ हजारांचा आकडा इथून येतो.

याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. एका शॉटचे एक-दोनच टेक असतील तर संकलनाच्या वेळी पर्याय उरत नाही. नटाचा शब्द अडखळला तर तो टेक टाकून देता येत नाही. मग संवाद नंतर भरायचा किंवा दृश्य मधूनच तोडायचं. कमी बजेटच्या चित्रपटात पात्रं पाठमोरी असताना बरंच बोलतात, ते बहुधा यामुळे.

आता आकड्यात न दिसणाऱ्या गोष्टी. ‘क्यूब’चे संगणकीय दृश्यपरिणाम टोरांटोच्या एका कंपनीने फुकट करून दिले. ओरेन पेली यांचा ‘पॅरानॉर्मल अ‍ॅक्टिव्हिटी’ १५ हजार डॉलरमध्ये आणि सात दिवसांत चित्रित झाला हे खरं, पण घर त्यांचं स्वतःचं होतं आणि ते चित्रीकरणाजोगं करण्यात त्यांनी आधी वर्षभर घालवलं. ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ आठ दिवसांत चित्रित झाला. वितरकाने विकत घेतल्यावर ध्वनिमिश्रणावर जो पैसा लागला तो वेगळा. तेव्हा आकडा दिसला की विचारावं: हा फक्त चित्रीकरणाचा की पडद्यापर्यंतचा? नटांना मानधन मिळालं का? जागा कोणाची? या तीन उत्तरांशिवाय दोन चित्रपटांच्या बजेटची तुलना करण्यात काही अर्थ नाही. जाहिरातदारांना मात्र पहिलाच आकडा हवा असतो.

जगातला सगळ्यात वाईट चित्रपट म्हणून ‘प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस’ पाहिला. वरून माइक डोकावतो, एकाच प्रसंगात दिवस आणि रात्र. एवढं कोणाच्या लक्षात आलं नाही? (पुणे)

यातल्या काही चुका दिग्दर्शक एड वुड यांच्या, काही तुमच्या टीव्हीच्या.

माइकची गोष्ट आधी. १९५३नंतर अमेरिकेतली चित्रपटगृहं रुंद पडद्याकडे वळली. स्वस्त चित्रपटांनी कॅमेरे बदलले नाहीत. फिल्मवर जुनीच, जवळजवळ चौकोनी चौकट उमटायची, आणि प्रोजेक्टरपुढे पट्टी लावून वरचा-खालचा भाग झाकला जायचा. १.३७ला १ या चौकटीतून १.८५ला १ एवढा रुंद भाग घेतला की उंचीचा साधारण चौथा हिस्सा जातो, वरून तेरा टक्के आणि खालून तेरा. त्या तेरा टक्क्यांत माइक आला तरी कॅमेरामन बेफिकीर असायचा. पुढे हेच चित्रपट टीव्हीवर आले तेव्हा सगळी चौकट उघडी दाखवली गेली आणि झाकायच्या गोष्टी घरोघरी पोचल्या. उपाय सोपा आहे: १९५३नंतरचा चित्रपट चौकोनी प्रतीत दिसत असेल तर टीव्हीचा ‘झूम’ पर्याय लावून बघा. लोकांची डोकी कापली जात नसतील तर मूळ मांडणी रुंद होती असं समजा. १९५३ आधीच्या चित्रपटांना हे लावू नका. ‘कॅट पीपल’ची चौकट पूर्णच बघायची.

दिवस-रात्रीची चूक मात्र वुड यांचीच. उन्हात चित्रीकरण करून रात्र दाखवण्याची रीत त्या काळी सर्रास होती. प्रकाश दोन स्टॉप कमी (म्हणजे पाव हिस्साच) घ्यायचा, सूर्य नटाच्या पाठीमागे किंवा बाजूला ठेवायचा, आकाश चौकटीत येऊ द्यायचं नाही, आणि लॅबमध्ये प्रिंट गडद काढून घ्यायची. यातलं एक जरी चुकलं तरी दुपार दुपारच दिसते. ‘प्लॅन नाइन’मध्ये बाहेरचे शॉट्स उजेडातले आणि स्मशानाचा सेट काळ्या पडद्यापुढचा, आणि दोन्ही एकमेकांना जोडलेले.

चित्रपटातले नट बेला लुगोसी यांचंही तसंच. ते ऑगस्ट १९५६मध्ये वारले. त्यांची थोडी मूक दृश्यं वुड यांच्याकडे पडून होती. उरलेली भूमिका वुड यांच्या पत्नीच्या कायरोप्रॅक्टरने, म्हणजे पाठ-मणका दाबून उपचार करणाऱ्या गृहस्थाने, तोंडावर झगा धरून केली. ‘सगळ्यात वाईट’ ही पदवी १९८०मधल्या एका गमतीच्या पारितोषिकाने दिली आणि ती चिकटली. आमच्या मते ती चुकीची आहे. खरा वाईट चित्रपट कंटाळवाणा असतो, आणि हा तसा नाही.

जुने चित्रपट टीव्हीवर मालिकेसारखे गुळगुळीत दिसतात. प्रत खराब की टीव्ही? (ठाणे)

बहुतेक वेळा टीव्ही. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा असतो. नवे टीव्ही मधल्या चौकटी स्वतः तयार करून भरतात. सेटिंगमध्ये ‘मोशन’, ‘स्मूथ’ किंवा ‘क्लॅरिटी’ अशा नावाचा जो पर्याय असेल तो बंद करा. शार्पनेस शून्यावर किंवा त्याच्या जवळ आणा. नॉइज रिडक्शनही बंद. १६ मिलिमीटर फिल्मचा दाणा म्हणजे घाण नव्हे, तो पुसला की चेहऱ्यांचं मेण होतं. ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ मोड असेल तर ही तिन्ही कामं एका बटनात होतात. मग खोलीतला दिवा मालवा.

प्रतीचं म्हणाल तर ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ (१९६८) हे चांगलं उदाहरण. पिट्सबर्गजवळ साधारण १ लाख १४ हजार डॉलरमध्ये झालेला हा चित्रपट. वितरकाने आयत्या वेळी नाव बदललं. मूळ नावाच्या पाटीवर स्वामित्वहक्काची सूचना होती, नव्या पाटीवर ती घालायची राहिली. त्या काळच्या अमेरिकी कायद्यात सूचना नाही तर हक्क नाही. चित्रपट सार्वजनिक मालकीचा झाला आणि ज्याने त्याने प्रतीच्या प्रतीची प्रत विकली. कित्येकांनी तो करड्या चिखलासारखाच पाहिला आहे. २०१६मध्ये मूळ निगेटिव्हवरून तो ४-के दर्जाचा करण्यात आला. पाहायचा तर तोच. नाहीतर काळ्या-पांढऱ्या छायालेखनाची काटकसर आणि प्रतीचा दरिद्रीपणा यांत गल्लत होते.

रामसे बंधूंचे चित्रपट खरंच चांगले आहेत, की आता ते जुने झाले म्हणून आपण गोड मानून घेतो? (सातारा)

चित्रपट म्हणून सरसकट चांगले म्हणवत नाही. कारागिरी म्हणून त्यांच्याकडे पुरेसं लक्ष कोणी दिलं नाही, एवढं नक्की.

त्यांचा १९७०चा ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ पडला. पण मुखवटा घालून चोरी करणारे पृथ्वीराज कपूर पडद्यावर आले की प्रेक्षक हादरतात, हे भावांनी थिएटरात बसून पाहिलं. म्हणजे पडलेल्या चित्रपटातला चाललेला तुकडा त्यांनी उचलला. १९७२चा ‘दो गज जमीन के नीचे’ त्यातून आला. महाबळेश्वरला बाडबिस्तरा हलवून, घरच्याच माणसांना हाताशी धरून तो केला. कुमार लेखनाला, गंगू कॅमेऱ्याला, किरण ध्वनीला, अर्जुन संकलनाला, तुलसी आणि श्याम दिग्दर्शनाला. भावांत ही वाटणी झाली की सर्वांत मोठा खर्च, म्हणजे तंत्रज्ञांचा पगार, घरातच राहतो. सेट बांधण्याऐवजी जागा शोधायच्या. मुरूडच्या नवाबाचा राजवाडा त्यांनी भरपूर वापरला. खऱ्या वास्तूत छत उंच, ओल भिंतीत मुरलेली, आणि आवाज घुमतो. हे सगळं फुकट मिळतं. फक्त दिवे लपवायला जागा नसते, म्हणून प्रकाश खिडकीबाहेरून किंवा जमिनीलगत ठेवावा लागतो. त्यांच्या चित्रपटांतला लाल-निळा-हिरवा उजेड रंगीत जिलेटिनचा आहे. जिलेटिन आणि धूर मिळून एक रिकामा कोपरा ‘तळघर’ करून टाकतात. धूर मात्र दोन शॉट्समध्ये सारखा राहत नाही. एका शॉटमध्ये गुडघाभर, पुढच्यात छातीपर्यंत असं दिसलं तर समजा की तो विरायच्या आत टेक घ्यायची घाई झाली होती.

दुखणं लांबीचं आहे. ‘पुराना मंदिर’ (१९८४) घ्या. सामरी हा राक्षस झालेले अनिरुद्ध अग्रवाल यांची उंची आणि चेहरा यांवर मेकअपचं अर्धं काम आधीच झालेलं होतं, आणि सामरी आहे तेवढा भाग आजही धरून ठेवतो. पण जगदीप यांच्या डाकू मच्छर सिंगचं ‘शोले’चं विडंबन मध्येमध्ये येतं आणि साठलेली भीती दर वेळी सांडते. वितरकाला मध्यंतरासह पूर्ण लांबीचा खेळ हवा, भयकथा दीड तासात संपणारी, मग उरलेला वेळ विनोदाने आणि गाण्यांनी भरायचा. ल्यूटनना ७५ मिनिटांची मर्यादा जाचक वाटली असेल. रामसेंना तशी मर्यादा मिळायला हवी होती. पहिल्यांदा सलग बघा, पण दुसऱ्यांदा विनोदी प्रसंग निर्धास्तपणे पुढे ढकला.

दहा-अकरा वर्षांच्या मुलांना यातलं काय दाखवता येईल? (कोल्हापूर)

‘झपाटलेला’ (१९९३) दाखवा. रामदास पाध्ये यांच्या बोलक्या बाहुल्यांची कला त्यात आहे, आणि तात्या विंचू कसा हलतो यावर मुलं आपणहून तर्क लढवतात. ‘क्यूब’, ‘ईव्हिल डेड’ नकोत. ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ही नको, काळा-पांढरा आणि जुना असला तरी. तो ऑक्टोबर १९६८मध्ये आला आणि अमेरिकेत वयानुसार वर्गवारी १ नोव्हेंबरला सुरू झाली. मधल्या काळात दुपारच्या खेळांना लहान मुलं सर्रास बसली आणि काही रडत बाहेर आली. त्यातला शेवट आजही मोठ्यांना जड जातो.

आम्ही चार मित्र मोबाइलवर पाच मिनिटांचा भयपट करणार आहोत. हाताशी तीन-चार हजार रुपये आहेत. कशावर खर्च करावा आणि रक्त कसं करावं? (छत्रपती संभाजीनगर)

अर्ध्याहून जास्त रक्कम आवाजावर घाला. कॉलरला लावायचा एक तारवाला माइक आणि तो ज्यात लागेल असा दुसरा फोन, एवढं पुरतं. अंधुक चित्र भयपटात खपतं, पण घुमणारा संवाद खपत नाही. प्रत्येक खोलीत सगळ्यांना गप्प बसवून तीस सेकंद नुसती शांतता रेकॉर्ड करा. पंखा, फ्रिज, रस्ता यांचा जो मंद आवाज असतो तो संकलनात दोन तुकड्यांच्या सांध्याखाली घालावा लागतो. नाहीतर प्रत्येक कटला आवाज ‘पडतो’. चित्रीकरणाच्या वेळी फ्रिज बंद करा, आणि परत चालू करायची आठवण म्हणून गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा.

कॅमेरा: सेकंदाला २५ चौकटी आणि शटर १/५० ठेवा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे. ३० चौकटी आणि १/६० शटर ठेवलं तर ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडीखाली चित्रात पट्टे सरकताना दिसतात. पडद्यावर बोट दाबून फोकस आणि एक्स्पोजर कुलूपबंद करा, नाहीतर नट दिव्यासमोरून गेला की सगळी खोली उजळते-काळवंडते. आणि ‘अंधार’ अंधारात चित्रित करू नका. फोन ISO (प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) वाढवतो आणि काळ्या भागात किडे वळवळतात. खिडकीबाहेर एक तीव्र दिवा ठेवा, आत दुसरा ठेवू नका, आणि एक्स्पोजर हाताने खाली ओढा.

जंगलातून काहीतरी धावत येतंय असा शॉट हवा असेल तर ‘ईव्हिल डेड’ (१९८१)मधला उपाय करा. त्यांनी फळीच्या मधोमध कॅमेरा बसवला आणि दोघे जण दोन टोकं धरून धावले. तुमच्यासाठी चार-पाच फुटांची हलकी फळी पुरे. धावणाऱ्याच्या पावलांचे धक्के टोकाला बसतात, मध्यावर येईपर्यंत त्यांचा जोर कमी होतो. वाइड लेन्स वापरा, जमिनीपासून फूटभर वर धरा. फोनचं इलेक्ट्रॉनिक स्थिरीकरण संध्याकाळच्या उजेडात बंद ठेवा, नाहीतर चित्र जेलीसारखं थरथरतं.

उडणारं किंवा तरंगणारं काही हवं असेल तर मालेगावचा धडा घ्या. यंत्रमागांच्या त्या गावात नासिर शेख आणि मंडळींनी ‘मालेगाव का सुपरमॅन’ केला, तो हिरव्या कापडापुढे. त्याच्या निर्मितीवर ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा फैजा अहमद खान यांचा माहितीपट आहे. चित्रीकरणाआधी तुम्ही चौघांनी तो बघायलाच हवा. कापड हिरवंच का? सुपरमॅनचा पोशाख निळा, निळं कापड लावलं तर संगणक पोशाखही पुसून टाकेल. कापड इस्त्री करून ताणून लावा, सुरकुतीची सावली म्हणजे वेगळा हिरवा. कापडावरचा प्रकाश सगळीकडे सारखा हवा आणि नट कापडापासून किमान सहा फूट पुढे. जवळ उभा राहिला की केसांच्या कडेला हिरवी झाक येते आणि ती जाता जात नाही.

आता रक्त. साखरेचा पाक करू नका. तो सुकला की रवाळ होतो आणि चमक जाते. केकच्या सामानाच्या दुकानात लिक्विड ग्लुकोज मिळतं ते घ्या.

पाव किलो ग्लुकोजमध्ये तीन-चार चमचे कोमट पाणी मिसळा. लाल खाद्यरंग थेंबाथेंबाने, गडद होईपर्यंत. नुसता लाल रंग गुलाबी सरबत दिसतो, म्हणून एक चमचा कोको पावडर आधी थोड्या पाण्यात कालवून गाठी मोडून घाला. शेवटी निळ्या रंगाचा एकच थेंब; दोन पडले तर जांभळं झालंच. चित्रीकरणाच्याच दिव्याखाली पांढऱ्या बशीत ओघळ सोडून बघा, कारण पिवळ्या बल्बखाली रक्त तपकिरी आणि पांढऱ्या एलईडीखाली भडक दिसतं. कपड्यावर ते थेंबाथेंबाने वरच तरंगत असेल तर त्या भागापुरत्या वेगळ्या वाटीत भांड्याच्या साबणाचे दोन-तीन थेंब घाला, मग ते धाग्यात मुरतं. तोंडात जाणाऱ्या वाटीत साबण अजिबात नको. हॉलिवूडचे रंगभूषाकार डिक स्मिथ यांच्या प्रसिद्ध कृतीतही कपड्यात मुरण्यासाठी फोटो धुण्याचं एक द्रव्य होतं, ते विषारी, म्हणून ते रक्त तोंडासाठी चालत नसे. चित्रपट काळा-पांढरा करणार असाल तर एवढा खटाटोप नको. ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’मध्ये चॉकलेट सिरप वापरलं आहे. आणि खाद्यरंगाचे डाग सुती कपड्यावरून, चुन्याच्या भिंतीवरून निघत नाहीत. घरमालकाला आधी विचारा, जमिनीवर प्लास्टिक टाका, मुंग्यांसाठी फडकं ओलं ठेवा.

हाड मोडल्याचा आवाज गाजराचा, सुरा खुपसल्याचा कोबीच्या गड्ड्याचा. माइक एक वीत अंतरावर.

हलत्या कॅमेऱ्याचे, पात्रांनीच टिपल्यासारखे दिसणारे ‘सापडलेल्या फिती’वाले भयपट बघताना मळमळतं. काही उपाय? (न्यू जर्सी)

डोळे सांगतात आपण हलतोय, कानातलं तोल सांभाळणारं इंद्रिय म्हणतं आपण बसलोय. त्यातून मळमळ होते. पडदा नजरेचा कमी भाग व्यापेल इतकं मागे बसा, खोलीत मंद दिवा ठेवा, मधूनमधून पडद्याची स्थिर कड बघा. ‘ब्लेअर विच’ने थिएटरात पुष्कळांना त्रास झाला होता. ‘पॅरानॉर्मल अ‍ॅक्टिव्हिटी’तली रात्रीची दृश्यं तिवईवरच्या कॅमेऱ्याची आहेत, ती सोसतील. तिथे चौकट हलत नाही, म्हणून दाराची इंचभर हालचालही डोळ्यांत भरते.

कोजागिरीला सोसायटीच्या गच्चीवर असा एखादा चित्रपट दाखवायचा विचार आहे. काय तयारी लागेल? (डोंबिवली)

दहा फूट रुंद, १६:९ प्रमाणाच्या पडद्याचं क्षेत्रफळ साधारण ५६ चौरस फूट होतं. चित्रपटगृहातल्याइतका उजेड त्यावर पाडायला पूर्ण अंधारात हजार ल्यूमेनच्या (ल्यूमेन म्हणजे प्रोजेक्टरच्या उजेडाचं माप) आसपास पुरतात. कोजागिरीचा चंद्र आणि शेजारच्या इमारतींचे दिवे धरून दोन ते अडीच हजार घ्या. भाड्याने घेताना ‘एएनएसआय ल्यूमेन’ विचारा. खोक्यावरचे नुसते ‘ल्यूमेन’ कित्येकदा फुगवलेले असतात. प्रोजेक्टरचा थ्रो रेशो (अंतर भागिले चित्राची रुंदी) १.५ असेल तर दहा फूट रुंदीसाठी तो पंधरा फूट मागे लागेल, आधी गच्ची मोजा. चादर एकेरी असली तर उजेड आरपार जातो. मागे काळं कापड किंवा दुसरी जाड चादर लावा आणि खालच्या कडेला काठी शिवा, नाहीतर वाऱ्याने भुतं पोहायला लागतात. जुना चौकोनी चित्रपट असेल तर चित्र साडेसात फूटच रुंद दिसेल, खुर्च्या त्या हिशेबाने जवळ घ्या.

घरच्या ओटीटी वर्गणीवर सार्वजनिक खेळ करता येत नाही. प्रदर्शनाचे हक्क आणि प्रमाणपत्र यांची चौकशी वितरकाकडे आधी करा.

चित्रपट ‘कार्निव्हल ऑफ सोल्स’ (१९६२) सुचवतो. ३३ हजार डॉलरच्या आसपास खर्च, दिग्दर्शक हर्क हार्वे कॅन्सासमध्ये औद्योगिक माहितीपट करणारे, आणि सॉल्ट लेक सिटीजवळची ओसाड पडलेली सॉल्टएअर नावाची नाचघराची वास्तू. रक्त नाही, लांबी साधारण सव्वा तास, आणि सगळं संगीत ऑर्गनचं. ऑर्गनचे खालचे सूर फोनच्या किंवा ब्लूटूथच्या डबीवर ऐकूच येत नाहीत, तेव्हा एक बरा स्पीकर प्रोजेक्टरला वायरनेच जोडा; ब्लूटूथने ओठ आणि आवाज मागेपुढे होतात. इंग्रजी उपशीर्षकं लावा. ऑक्टोबरात सातला अंधार पडतो. साडेसातला सुरू केलात तर नऊच्या आत संपेल आणि दूध आटवायला वेळ उरेल. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक चालवता येत नाही.